आधी कुणाचं पाकीट?

रांग लावायची आणि मग ती मोडण्याची सोयही करून ठेवायची, ही आपली जुनी रीत. एस.टी. स्टँडवर गाडी लागली की दाराशी रांग असते आणि त्याच वेळी खिडकीतून रुमाल आत पडत असतात. रुमाल पडला की जागा झाली. उलट डॉक्टरांच्या दवाखान्यात आपला पाचवा नंबर असतो, तेवढ्यात तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन कुणी बाई येते, आणि आपणच म्हणतो, ‘जाऊ द्या हो त्यांना आधी.’ रांग दोन्हीकडे मोडली. रुमालाचा आपल्याला राग येतो, तापाच्या पोराचा येत नाही.

टेलिफोन खात्याने तर या पुढे-मागे करण्याचे दर ठरवून दिले होते. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ट्रंक कॉल आठवत असेल. एक्स्चेंजला नंबर नोंदवायचा आणि घंटी कधी वाजते याची वाट पाहत फोनशेजारी बसायचं. साधा कॉल असला तर तासन्‌तास. ‘अर्जंट’ म्हटलं की दर चढायचा आणि नंबर वर सरकायचा. ‘लाइटनिंग’ म्हटलं की कितीतरी पट पैसे पडायचे, पण जवळजवळ सगळ्यांच्या पुढे जाता यायचं. घरात काही बरंवाईट झालं असेल तरच माणसं लाइटनिंग कॉल लावत. तारेचंही तसंच होतं, साधी आणि अर्जंट. ट्रंक बुकिंग इतिहासजमा झालं, तारसेवाही 2013 साली बंद झाली.

रांग मात्र गेली नाही. ती आता आपल्या घरात येऊन बसली आहे, फक्त दिसत नाही. टीव्हीच्या मागे किंवा कपाटावर दिवे लुकलुकणारी जी डबी असते, तो राउटर. घरातल्या सगळ्या फोनांचं, संगणकांचं, टीव्हीचं इंटरनेट तिच्यातून आत-बाहेर करतं आणि तिच्या पोटात अहोरात्र रांग लागलेली असते. गेली वीस-बावीस वर्षं मी अशा डब्या बसवण्याचं आणि त्यांना नियम घालून देण्याचं काम करतो आहे. लग्नकार्यात मामा-मावश्या विचारतात, ‘तू नेमकं करतोस तरी काय रे?’ मी सांगतो, ‘रांगेत आधी कुणी जायचं ते लिहून देतो.’ त्यांना थट्टा वाटते. पण काम खरोखर तेच आहे आणि वाटतं तितकं ते यंत्राचं नाही.

डबीच्या पोटात

इंटरनेटवरून जाणारी कुठलीही गोष्ट, मग ते बोलणं असो, फोटो असो की सिनेमा, आधी तुकड्या-तुकड्यांत कापली जाते. प्रत्येक तुकडा एक पाकीट. पाकिटावर कुणाकडून, कुणाकडे हा पत्ता. मोठ्यात मोठं पाकीट साधारण 1500 बाइटचं असतं. फोनवरचं बोलणं लहान पाकिटांतून जातं, पण नेमाने. सेकंदाला 50 पाकिटं, म्हणजे दर 20 मिलिसेकंदांना एक. मोठी फाइल पाठवली तर तिची पाकिटं गच्च भरलेली असतात आणि एकामागून एक लोंढ्याने येतात.

बाहेर जाणारा रस्ता एकच. समजा तो सेकंदाला 10 मेगाबिट, म्हणजे एक कोटी बिट वाहून नेतो. एक मोठं पाकीट पुढे जायला 1.2 मिलिसेकंद लागतात. तेवढं थांबणं कुणाला जाणवतही नाही. पण डबीच्या पोटात फाइलची 10 लाख बाइट भरतील इतकी पाकिटं आधीच उभी असली तर? 10 लाख बाइट म्हणजे 80 लाख बिट. ते बाहेर पडायला 0.8 सेकंद लागतो. तुमच्या बोलण्याचं इवलंसं पाकीट या लोंढ्याच्या शेपटाला उभं राहतं. बोलणं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला 150 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्याच्या बरंच पुढे गेलं की ‘हॅलो... हां, बोल... नाही नाही, तू बोल’ हा आपल्या ओळखीचा प्रयोग सुरू होतो. आपण म्हणतो नेट स्लो आहे. नेट स्लो नसतं. बोलणं फाइलच्या मागे अडकलेलं असतं.

स्मृतीच्या चिपा स्वस्त झाल्या तशी कारखानदारांनी या डब्यांत भरपूर जागा करून ठेवली, हेतू असा की एकही पाकीट टाकावं लागू नये. त्याने रांगा आणखी लांबल्या. जिम गेटिस या अमेरिकी अभियंत्याने 2010 साली आपल्या घरच्याच जोडणीवर हा दोष हुडकला आणि त्याला नाव दिलं ‘बफरब्लोट’, म्हणजे फुगलेलं पोट. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 साली त्यावर उपाय मांडला. रांग किती लांब आहे हे बघू नका, पाकिटं किती वेळ ताटकळली आहेत ते बघा. ताटकळणं ठरावीक वेळेपलीकडे गेलं आणि तिथेच टिकलं, तर एखादं पाकीट टाकून द्या. टाकलेलं पाकीट पोचलं नाही हे पाठवणाऱ्याला कळतं आणि तो आपला वेग आवरतो.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण गिऱ्हाइकांची अपेक्षा नेमकी उलट असते. नियम लिहिल्याने रस्ता रुंद होत नाही. लेनर्ड क्लाइनरॉक या गणितज्ञ-अभियंत्याने 1965 सालीच दाखवून दिलं की रांगेचा क्रम कसाही बदला, एकाची वाट पाहण्याची वेळ कमी झाली की दुसऱ्या कुणाची तरी त्या हिशेबात वाढते. कुणाला पुढे काढायचं हे ठरवताना कुणाला मागे ठेवायचं हेही ठरतंच. फक्त आपण ते बोलत नाही.

साठ खाटांचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातल्या 60 खाटांच्या इस्पितळातून बोलावणं आलं. बाहेर पाठवण्याची क्षमता 10 मेगाबिट. त्याहून मोठी जोडणी तेव्हा त्या गावात मिळत नव्हती. तक्रार अशी की संध्याकाळी पाचनंतर मोठ्या शहरातल्या मेंदूविकार तज्ज्ञांशी व्हिडिओवर बोलताना चित्र गोठतं आणि आवाज तुटतो. ‘डॉक्टर इंजेक्शनचा डोस सांगतात आणि नेमका आकडाच ऐकू येत नाही,’ मेट्रनबाई म्हणाल्या. अशा ठिकाणी आवाज तुटणं ही गैरसोयीपलीकडची गोष्ट असते.

असं काम तीन पायऱ्यांनी करायचं असतं. पहिली पायरी वर्गवारी, म्हणजे कुठलं पाकीट कुणाचं हे ओळखायचं. दुसरी, त्या-त्या वर्गाचा शिक्का मारायचा. तिसरी, वर्गवार रांगा लावून कुठल्या रांगेला किती वाटा द्यायचा ते ठरवायचं. दुसरी आणि तिसरी पायरी हातातला मळ. सगळी मेख पहिलीत आहे. राउटरला पाकिटाच्या आतलं काही कळत नाही. त्याला वरचा पत्ता दिसतो, कुठल्या यंत्रातून निघालं ते दिसतं आणि समोरच्या संगणकाच्या कुठल्या दारावर जायचं आहे तो क्रमांक दिसतो. या क्रमांकाला ‘पोर्ट’ म्हणतात. एके काळी क्रमांकावरून कामाचा अंदाज यायचा. आता बहुतेक सगळी वाहतूक कुलूपबंद होऊन 443 या एकाच दारातून जाते. बँकेचा व्यवहार, सिनेमा आणि शाळेचा वर्ग, बाहेरून सगळी पाकिटं सारखीच.

म्हणून मी यंत्रापासून सुरुवात करत नाही, माणसांपासून करतो. संध्याकाळी सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बसवलं आणि विचारलं, ‘तुमच्या कामाला थांबायला लागलं तर काय होतं?’

डॉक्टर म्हणाले, व्हिडिओ आणि फोन आधी, बाकी सगळं नंतर. हिशेबाच्या खिडकीवरचा तरुण म्हणाला, ‘सर, विमा कंपनीला कागद वेळेवर गेले नाहीत तर मंजुरी येत नाही. घरी जायला निघालेला पेशंट चार-चार तास खाट अडवून बसतो आणि नवा पेशंट खाली बाकावर.’ रात्री इस्पितळाच्या सगळ्या नोंदींची प्रत बाहेर पाठवली जायची, ती संध्याकाळी पाचलाच सुरू होत होती. कुणी कधी ती वेळ लावली हे कुणालाच आठवेना. तो लोंढा मध्यरात्रीवर ढकलला तेव्हाच निम्मं दुखणं बरं झालं. नातेवाइकांसाठीच्या वाय-फायचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, ते शेवटी ठेवू. यावर दारात उभ्या असलेल्या वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, ‘शेवटी ठेवा साहेब, पण बंद नका करू. रात्री गावाकडच्यांना म्हातारीचं तोंड दाखवतात लोकं.’ ते मी कागदावर लिहून घेतलं.

मग सी.टी. स्कॅनचं यंत्र चालवणारा मुलगा बोलला. इतका वेळ गप्प होता. ‘सर, माझ्या फाइली कुठल्या रांगेत?’

पुस्तकातलं उत्तर सोपं आहे. बोलणं पुढे, फाइल मागे. फाइल थोडी उशिरा पोचली म्हणून बिघडत नाही, असं या क्षेत्रातलं कुठलंही पाठ्यपुस्तक सांगेल. सी.टी.च्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे फाइलच. एका चित्राला साधारण अर्धा मेगाबाइट, अशी 300 चित्रं, म्हणजे दीडशे मेगाबाइट. ती वाचणारे तज्ज्ञ पुण्यात बसलेले.

‘गुडघ्याचा सी.टी. असेल तर उद्या सकाळी गेला तरी चालतो,’ तो म्हणाला. ‘पण लकव्याचा पेशंट आला की पंधरा मिनिटं म्हणजे फार झाली.’

त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झटका आला तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. मोठ्या गुठळीच्या झटक्यात उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब 2006 साली जेफ्री सेव्हर या मेंदूतज्ज्ञाने मांडला होता. पण हाच झटका रक्तस्रावानेही येऊ शकतो आणि तसं असताना ते इंजेक्शन दिलं तर रुग्ण दगावू शकतो. दोन्हींतला फरक सी.टी. पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

आम्ही तिथेच आकडेमोड केली. दीडशे मेगाबाइट म्हणजे 1200 मेगाबिट. पूर्ण रस्ता मोकळा मिळाला तर दोन मिनिटं. गर्दीत 1 मेगाबिट वाट्याला आला तर वीस. एकाच यंत्रातून निघणाऱ्या, एकाच तज्ज्ञाकडे जाणाऱ्या, दिसायला हुबेहूब सारख्या दोन फाइली. एक उद्यापर्यंत थांबू शकते आणि दुसरीला दहा मिनिटंही जास्त आहेत. हा फरक पाकिटावर कुठेच लिहिलेला नसतो. तो फक्त त्या मुलाला ठाऊक असतो, कारण स्ट्रेचरवरचा माणूस त्याने पाहिलेला असतो.

म्हणून मार्ग असा काढला की त्याला जे दिसतं ते राउटरला दिसेल असं करायचं. पुण्याच्या संगणकावर चित्रं घेण्याची दोन दारं उघडून घेतली, 11112 आणि 11113. सी.टी.च्या पडद्यावर पाठवण्याची दोन नावं आली, ‘नेहमीचं’ आणि ‘तातडीचं’. तंत्रज्ञाने फक्त निवड करायची. राउटरला नियम दिला. सी.टी.च्या यंत्राकडून निघालेलं, पुण्याच्या पत्त्यावर 11113 दारी जाणारं पाकीट तातडीच्या रांगेत, 11112 चं साध्या रांगेत.

मग वाटणी. रस्ता 10 मेगाबिटचा, पण राउटरला सांगितलं की तो 9 चाच आहे. यात कंजुषी नाही. आपण पूर्ण 10 सोडले तर रांग आपल्या राउटरमध्ये न लागता पुढे कंपनीच्या यंत्रात लागते आणि तिथे आपले नियम चालत नाहीत. रांग आपल्या अंगणात लागली तरच तिला शिस्त लावता येते. त्या 9 पैकी फोन आणि व्हिडिओला सगळ्यात पुढे, पण 3 मेगाबिटांपर्यंतच. बिनशर्त अग्रक्रम दिला तर गर्दीच्या वेळी तो वर्ग बाकीच्यांना उपाशी मारतो, म्हणून तो एक-तृतीयांशाच्या आत ठेवावा असा जाणकारांचा दंडक आहे. तातडीच्या सी.टी.ला किमान 4 मेगाबिटांची हमी, म्हणजे कितीही गर्दी असली तरी पाच मिनिटांत गठ्ठा पुण्यात. हिशेब आणि विमा 1. उरलेल्या 1 मध्ये साधे सी.टी., नोंदींची प्रत आणि नातेवाइकांचं वाय-फाय. शिवाय एखाद्याचा वाटा रिकामा असेल तेव्हा तो बाकीच्यांनी वापरायचा. मावशींच्या म्हातारीचं तोंड थोडं धूसर दिसलं असेल, पण दिसलं.

शिक्का फुकट झाला की

दीड महिन्याने मी राउटरचे आकडे पाहिले. कुठल्या वर्गातून किती पाकिटं गेली हे तो मोजून ठेवतो. तातडीच्या दाराने जाणारी वाहतूक आठवड्यागणिक फुगत चालली होती आणि नेहमीच्या दारी शुकशुकाट. विचारल्यावर कळलं की ‘तातडीचं’ लवकर जातं हे सगळ्या पाळ्यांच्या तंत्रज्ञांना समजलं होतं. घरी जाण्याच्या घाईत कोण ‘नेहमीचं’ निवडणार? गुडघेही तातडीचे झाले होते.

यात त्या पोरांचा विशेष दोष नाही. हे दुखणं इंटरनेटच्या जन्मापासूनचं आहे. 1981 साली इंटरनेटच्या पाकिटाचा नमुना ठरला तेव्हाच निकडीचा शिक्का मारण्यासाठी त्यावर तीन बिटांची जागा राखून ठेवली होती. तीन बिटांत आठ पायऱ्या बसतात. त्यांची नावं लष्करी तारांच्या वळणाची आहेत. रूटीन, प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश आणि त्याच्याही वर फ्लॅश ओव्हरराइड. नुसत्या ‘फ्लॅश’ने भागणार नाही हे आधीच गृहीत धरलेलं वाचून मला आजही हसू येतं. लष्करात कुठल्या हुद्द्याने कुठला शिक्का वापरायचा हे ठरलेलं असतं. खुल्या जाळ्यात कुणीही कुठलाही शिक्का मारू शकतो. म्हणून बाहेरच्या राउटरांनी वर्षानुवर्षं त्याकडे फारसं लक्षच दिलं नाही.

गर्दी मात्र वाढत होती. 1986 च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात, एकमेकांपासून जेमतेम 400 यार्डांवर असलेल्या दोन संस्थांमधला वेग 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. हजार नव्हे, नुसते 40. त्यातूनच व्हॅन जेकबसन यांनी गर्दी पाहून पाठवणाऱ्यानेच आपला वेग आवरण्याची रीत शोधली आणि 1988 साली मांडली. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठांना जोडणाऱ्या एनएसएफनेट या जाळ्यावर, जिथे मुख्य रस्ताच 56 किलोबिटांचा होता, डेव्हिड मिल्स यांनी आपल्या राउटरांत फारसा गाजावाजा न करता एक नियम घातला. जो माणूस कळफलकासमोर उत्तराची वाट पाहत बसला आहे त्याची पाकिटं आधी, फाइलींची नंतर. गाजावाजा झाला असता तर फाइलवाल्यांनीही वाट पाहणाऱ्याचं सोंग घेतलं असतं, हे उघड आहे.

पुढे 1998 च्या डिसेंबरात शिक्क्याची जागा नव्याने आखली गेली. सहा बिट, म्हणजे 64 शिक्के. बोलण्यासाठी 46 हा क्रमांक रूढ झाला. कचेरीतला टेबलावरचा इंटरनेट फोन बहुधा आजही 46 चा शिक्का मारूनच पाकीट सोडतो. पण तो आपल्या उंबरठ्यापर्यंतच चालतो. बाहेर पडलं की कंपनी तो बहुतेक वेळा पुसून टाकते, आणि तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी तेच केलं असतं. अनोळखी माणसाने स्वतःच लिहिलेल्या ‘अर्जंट’वर कोण विश्वास ठेवणार?

एका कंपनीत तर मी उलट तऱ्हा पाहिली. तिथे मी जाण्याआधीपासूनच साहेबांच्या संगणकाला सगळ्यात वरचा मान दिलेला होता. का, तर ते साहेब. क्रिकेटचा सामना असला की दुपारी गिऱ्हाइकांचे फोन तुटायला लागत आणि सगळी मंडळी पाऊस, केबल आणि नशिबाला दोष देत. हा रुमालच, फक्त राउटरमधून टाकलेला.

ट्रंक कॉलच्या काळी खोट्या निकडीला पैशाचा लगाम होता. इस्पितळात तसा लगाम लावणं शोभणारं नव्हतं. मी तातडीच्या दाराला दिवसाचा कोटा घालण्याचा विचार मांडला. मेट्रनबाईंनी तो एका वाक्यात मोडीत काढला. ‘कोटा संपल्यावर लकवा झालेल्याने काय उद्या यायचं?’ मग त्यांनी कपाटातून एक वही काढली, चार रकाने आखले आणि ती सी.टी.च्या खोलीत टांगली. तातडीचं दार वापरायला मनाई नाही, कुणाची परवानगीही नको. फक्त वापरल्यावर रुग्णाचा नंबर, वेळ, कारण आणि आपली सही. दर सोमवारी ती वही त्या स्वतः डोळ्यांखालून घालणार.

महिनाभरात तातडीच्या दाराची गर्दी ओसरली. राउटरच्या नियमात मी एक अक्षरही बदललेलं नव्हतं. ‘गुडघा, घाई होती’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही करणं कुणालाच जमलं नसावं.

घरातलं अंगण, गावचा रस्ता

इस्पितळाने आपल्या चार भिंतींत ठरवलं ते ठीक. पण हेच नियम उद्या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने सगळ्या गावासाठी ठरवले तर? जो संकेतस्थळवाला पैसे देईल त्याची पाकिटं आधी, बाकीच्यांची रखडत. यंत्र तेच आणि नियम लिहायची रीतही तीच. फरक इतकाच की मागे कोण राहणार हे ठरवताना मागे राहणाऱ्याला कुणी विचारलेलं नाही. आपल्या देशात यावर मोठा वाद झाला. कुठली संकेतस्थळं पाहता यावर इंटरनेटचा दर बदलायला दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 8 फेब्रुवारी 2016 रोजी बंदी घातली. पुढे 2018 च्या जुलैत सरकारने ट्रायच्या शिफारशी मान्य केल्या. कंपन्यांनी कुणाचीही वाहतूक अडवू नये, मुद्दाम मंदावू नये किंवा कुणाला खास झुकतं माप देऊ नये. गर्दी आवरण्यापुरती वाजवी व्यवस्था आणि आणीबाणीची निकड यांना त्यात जागा ठेवली आहे. याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. थोडक्यात, सार्वजनिक रस्त्यावर रुग्णवाहिकेला वाट द्यायची, पण टोल जास्त भरला म्हणून कुणाला भोंगा विकायचा नाही.

आपल्या घराच्या आत मात्र आपणच ट्राय आणि आपणच मेट्रनबाई. आता कितीतरी घरांत हा प्रश्न रोजचा झाला आहे. आईची कचेरीतली बैठक व्हिडिओवर, मुलाचा शिकवणीचा वर्ग, आजोबांचं मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलणं, मुलीच्या फोनमधले लग्नाचे 400 फोटो गुपचूप वर चढताहेत आणि टीव्हीवर मालिका. सगळी एकाच डबीतून. बऱ्याच राउटरांत आज यासाठी एक पान दिलेलं असतं. कुठे त्याला ‘क्यूओएस’ म्हणतात, कुठे नुसतं ‘प्राधान्य’. कुठलं यंत्र आधी ते तिथे निवडता येतं. ते उघडण्याआधी दोन गोष्टी करून पाहा. गर्दी नसताना आपल्या जोडणीचा खरा वेग मोजा, आणि राउटरला तो मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्के सांगा. दुसरं, जे काम थांबू शकतं त्याची वेळच बदला. फोटो, संगणकाच्या नव्या आवृत्त्या, नोंदींच्या प्रती, हे सगळं रात्री दोनला झालं म्हणून कुणाचं काही अडत नाही. माझ्या अनुभवात निम्म्या घरांचा प्रश्न इथेच सुटतो आणि नियम लिहायची वेळच येत नाही.

उरलेल्या निम्म्यांसाठी एक कागद घ्या. रात्रीच्या जेवणानंतर सगळे बसलेले असताना त्यावर दोन रकाने आखा, ‘कोण आधी’ आणि ‘त्यासाठी कोण थांबेल’. पहिला रकाना पाच मिनिटांत भरतो, कारण तिथे प्रत्येकाला आपलंच नाव सुचतं. दुसऱ्याला सबंध संध्याकाळ लागली तरी हरकत नाही. मात्र तो भरल्याशिवाय राउटरला हात लावू नका.